झिप फाइल: डबल क्लिक नको, राइट क्लिक करा

मेलवर झिप फाइल (अनेक फाइली दाबून बांधलेलं एक गाठोडं) आली की बहुतेक जण तिच्यावर डबल क्लिक करतात. विंडोज ती साध्या फोल्डरसारखी उघडून दाखवतं आणि फसगत इथेच होते. आतली वर्ड फाइल उघडते, माणूस तासभर बसून दुरुस्त्या करतो आणि सेव्ह करायला गेला की 'रीड-ओन्ली' असा शेरा मिळतो. कारण तो फोल्डर नव्हताच. विंडोजने ती एवढी एकच फाइल तात्पुरत्या जागी काढून दाखवली होती. झिपमधूनच एखाद्या सॉफ्टवेअरचा सेटअप चालवला तरी तेच. सेटअपची फाइल तेवढी बाहेर येते, तिला लागणाऱ्या बाकीच्या आतच राहतात आणि 'अमुक फाइल सापडत नाही' म्हणत काम अर्ध्यावर थांबतं.

म्हणून झिप आधी पूर्ण उलगडायची, मग वापरायची. उलगडताना सामान नेमकं कुठे पडणार हे आधी ठरवायचं. हे सगळं राइट क्लिकच्या मेनूतून होतं. पुढची माहिती विंडोज १० आणि ११ वरच्या सेव्हन-झिप या प्रोग्रॅमची आहे. मेनूतली नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतील, इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. प्रोग्रॅमच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे, पण शिकेपर्यंत इंग्रजीच ठेवा. अडलात आणि कुणाला फोन करून विचारलंत तर तो इंग्रजी नावंच सांगणार.

आधी प्रोग्रॅम

साधी झिप उलगडायला विंडोज पुरेसं आहे: राइट क्लिक, 'एक्स्ट्रॅक्ट ऑल', झालं. २०२३ च्या अपडेटपासून विंडोज ११ ला रार आणि सेव्हन-झेड या झिपसारख्याच प्रकारच्या फाइलही उघडता येतात. पण पासवर्ड घालणं, मोठ्या फाइलचे तुकडे करणं, दहा झिप एका दमात आपापल्या फोल्डरमध्ये उलगडणं, फाइल धड आहे का ते तपासणं, ही कामं निघाली की सेव्हन-झिप लागतं. इगोर पाव्हलोव्ह यांनी १९९९ मध्ये ते आणलं. घरी आणि ऑफिसात, दोन्हीकडे ते फुकट वापरता येतं. रार फाइल ते उघडतं, पण नवी बनवत नाही.

१. सेव्हन-झिप डॉट ओआरजी या साइटवरूनच उतरवा. पत्त्यात सात हा आकडा आहे आणि मध्ये आडवी रेघ. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातींवर किंवा मिळत्याजुळत्या नावाच्या साइटवर जाऊ नका.

२. 'सिक्स्टी-फोर बिट, एक्स-सिक्स्टी-फोर' असं लिहिलेली ओळ निवडा. फाइल जेमतेम दीड-दोन एमबीची असते. उतरवलेली फाइल त्याहून कितीतरी मोठी भरली, तर दुसरंच काहीतरी आलंय.

३. डबल क्लिक, 'येस', 'इन्स्टॉल', 'क्लोज'.

४. कुठल्याही फाइलवर राइट क्लिक करून पाहा. विंडोज १० मध्ये सेव्हन-झिपची ओळ थेट दिसते. विंडोज ११ मध्ये ती पहिल्या छोट्या मेनूत नसते. तळाच्या 'शो मोअर ऑप्शन्स'वर क्लिक केल्यावर जुना लांबलचक मेनू येतो, त्यात ती असते.

दरवेळी ही जादा पायरी नको असेल तर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, जुना मेनू थेट उघडतो. माउस बिघडला असेल तर फाइल निवडून शिफ्ट आणि एफ-टेन दाबा.

ओळच दिसत नसेल तर बहुधा ६४-बिट विंडोजवर ३२-बिट सेव्हन-झिप बसवलं गेलंय. प्रोग्रॅम चालतो, पण मेनूत येत नाही. काढून टाका आणि योग्य आवृत्ती बसवा.

एक्स्ट्रॅक्टच्या तीन ओळी

झिपवर राइट क्लिक करून सेव्हन-झिपच्या ओळीवर आलात की उपमेनूत एक्स्ट्रॅक्टने सुरू होणाऱ्या तीन ओळी दिसतात. त्यांच्यातला फरक एकदा कळला की निम्मं काम शिकून झालं.

'एक्स्ट्रॅक्ट हिअर' म्हणजे झिप जिथे आहे तिथेच सगळं ओतणं. आत एकच फोल्डर असेल तर ठीक. पण २०० सुटे फोटो असतील आणि झिप डेस्कटॉपवर असेल, तर डेस्कटॉपवर २०० फोटो पसरतात. डाउनलोड्समध्ये असेल तर ते आधीच्या फाइलींत मिसळतात आणि मग तारखेप्रमाणे लावून वेचत बसावं लागतं. पण ज्याची त्याची जुनी तारीख कायम राहते, त्यामुळे तेही धड जमत नाही.

'एक्स्ट्रॅक्ट टू' आणि पुढे अवतरणात झिपचं नाव. ही ओळ आधी त्या नावाचा नवा फोल्डर करते आणि सगळं त्यात टाकते. आत काहीही असो, पसारा होत नाही आणि नको असेल तर तो एक फोल्डर उडवला की संपलं. नवख्या माणसाने डोळे मिटून हीच वापरावी.

'एक्स्ट्रॅक्ट फाइल्स'ला पुढे तीन टिंबं आहेत, म्हणजे आधी खिडकी उघडते. वर पत्ता दिसतो, त्याच्या उजवीकडच्या टिंबांच्या बटणावरून दुसरा ड्राइव्ह किंवा फोल्डर निवडता येतो. सी ड्राइव्ह भरलेला असेल किंवा पेनड्राइव्हवर थेट उलगडायचं असेल तेव्हा हिचा उपयोग. त्याच खिडकीत 'ओव्हरराइट मोड' असतो, तो 'आस्क बिफोर ओव्हरराइट'वरच राहू द्या.

म्हणजे त्याच नावाची फाइल आधीच असेल तर प्रोग्रॅम विचारतो. दोन्ही फाइलींचा आकार आणि तारीख समोर दाखवतो. घाईत 'येस टू ऑल' दाबलं की तुमची कालची दुरुस्त केलेली फाइल जाते आणि झिपमधली जुनी तिच्या जागी बसते. ती रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. खात्री नसेल तेव्हा 'ऑटो रिनेम' दाबा. दोन्ही राहतात आणि नवीच्या नावापुढे आकडा लागतो.

बऱ्याच झिप एकदम, आणि उजव्या बटणाने ओढणं

समजा वेगवेगळ्या विद्यार्थ्यांच्या ३० झिप एका फोल्डरमध्ये आल्या आहेत. कंट्रोल आणि ए दाबून सगळ्या निवडा, त्यातल्याच एखादीवर राइट क्लिक करा. निवडीबाहेरच्या फाइलवर केलंत तर निवड सुटते. आता 'एक्स्ट्रॅक्ट टू' या ओळीत नावाच्या जागी ताऱ्याची खूण दिसेल. ती निवडली की ३० फोल्डर तयार होतात आणि प्रत्येक झिप आपापल्या फोल्डरमध्ये उतरते. इथे 'एक्स्ट्रॅक्ट हिअर' निवडलं तर काय होईल याची कल्पना करा. तीसही जणांनी फाइलचं नाव 'असाइनमेंट' ठेवलेलं असतं.

दुसरी युक्ती फार कमी जणांना ठाऊक असते. झिप उजव्या बटणाने धरून दुसऱ्या फोल्डरवर ओढा आणि बटण सोडा. 'कॉपी हिअर', 'मूव्ह हिअर' यांच्या जोडीला त्या मेनूत सेव्हन-झिपही दिसतं. तिथून एक्स्ट्रॅक्ट केलं तर सामान जिथे ओढून नेलंत तिथे उतरतं. झिप मात्र मूळ जागी राहते.

झिप बनवताना

फाइली किंवा फोल्डर निवडा, राइट क्लिक, सेव्हन-झिप, आणि नावासकट दिसणारी 'ॲड टू अमुक डॉट झिप' ही ओळ. एका क्लिकमध्ये काम होतं. एकच फाइल असेल तर झिपला तिचं नाव मिळतं, अनेक असतील तर त्या ज्या फोल्डरमध्ये आहेत त्याचं. म्हणून डाउनलोड्समधून केलेल्या झिपचं नाव 'डाउनलोड्स' पडतं. पाठवण्याआधी ते बदला. शक्य असेल तर सुट्या फाइलींऐवजी त्यांचा एक फोल्डर करून तोच झिप करा, म्हणजे उलगडणाऱ्याकडे पसारा होत नाही.

वर 'डॉट सेव्हन-झेड'ची ओळही असते. तो प्रकार बहुतेकदा जास्त लहान होतो, पण सरकारी पोर्टलवर किंवा समोरच्याच्या फोनवर तो चालेलच असं नाही. दुसऱ्याला द्यायची असेल तर झिप, स्वतःच्या साठ्यासाठी सेव्हन-झेड.

आकार किती कमी होईल, ही अपेक्षा नीट ठेवावी. मजकूर, सीएसव्ही, बिटमॅप चित्रं भरपूर आक्रसतात. जेपेग फोटो, एमपी-फोर व्हिडिओ आणि बऱ्याचशा स्कॅन केलेल्या पीडीएफ आधीच दाबून ठेवलेल्या असतात. १०० एमबी फोटोंची झिप जवळपास १०० एमबीच भरते. त्यावर 'अल्ट्रा' ही सर्वात जास्त दाबायची पातळी लावून अर्धा तास वाट पाहण्यात अर्थ नाही. तिथे झिपचा फायदा वेगळा: ५० फोटो एक फाइल म्हणून जातात. व्हॉट्सॲपवर ते फोटो म्हणून पाठवले तर दर्जा उतरतो, झिप डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जसेच्या तसे पोचतात. डॉक्युमेंटची मर्यादा २ जीबी आहे.

गंमत म्हणजे वर्डची डॉक-एक्स फाइल मुळात झिपच आहे. तिच्यावर राइट क्लिक करून सेव्हन-झिपमधलं 'ओपन आर्काइव्ह' (आर्काइव्ह म्हणजे झिपसारखं गाठोडं) निवडा, मग 'वर्ड' आणि त्यात 'मीडिया' या फोल्डरमध्ये जा. कुणी मजकुरात चिकटवलेले फोटो तिथे सुट्या फाइली म्हणून सापडतात. एकेक फोटो कॉपी-पेस्ट करत बसायची गरज नाही.

पासवर्ड

यासाठी 'ॲड टू आर्काइव्ह' ही तीन टिंबांची ओळ निवडा. मोठी खिडकी उघडते, ती पाहून बिचकू नका, चारच गोष्टी पाहायच्या आहेत. 'आर्काइव्ह फॉरमॅट'मध्ये झिप निवडा. उजवीकडे खाली पासवर्ड दोनदा टाका. त्याखाली 'एन्क्रिप्शन मेथड'मध्ये 'झिप-क्रिप्टो' दिसेल, ते बदलून 'एईएस-२५६' करा. झिप-क्रिप्टो जुनं आणि कमकुवत आहे, ते फोडणारी साधनं सहज मिळतात. मग ओके.

झिपचा पासवर्ड देवनागरीत चालत नाही. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हंच वापरा असा संदेश प्रोग्रॅम देतो. एईएस लावलेली झिप विंडोजच्या 'एक्स्ट्रॅक्ट ऑल'ला सगळीकडे उघडता येत नाही, तेव्हा घेणाऱ्याकडेही सेव्हन-झिप किंवा विनरारसारखा प्रोग्रॅम हवा. आणखी एक: झिपला पासवर्ड असला तरी आतल्या फाइलींची नावं सगळ्यांना दिसतात. 'कर्ज-थकबाकी-यादी' हे नावच लपवायचं असेल तर फॉरमॅट सेव्हन-झेड ठेवा आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर खूण करा.

पासवर्ड विसरलात तर परत मिळवायची सोय नाही. कुठेही 'फरगॉट पासवर्ड' नसतं.

आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइलही झिपच असते आणि तिचा पासवर्ड म्हणजे डाउनलोड करताना आपणच दिलेला चार अक्षरी शेअर कोड. ती उलगडून आतली एक्सएमएल फाइल कुणाला पाठवू नका. मागणाऱ्या संस्थेला झिप जशीच्या तशी आणि कोड, एवढंच द्यायचं असतं.

मोठ्या फाइलचे तुकडे

जीमेलला २५ एमबीपर्यंतची जोडणी चालते, पण मेलमधून जाताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते आणि पलीकडच्या सर्व्हरची मर्यादा कमी असू शकते. म्हणून तुकडे १५ एमबीचे करा. 'ॲड टू आर्काइव्ह'च्या खिडकीत डावीकडे तळाला 'स्प्लिट टू व्हॉल्यूम्स' असा रकाना आहे. तिथे १५ आकडा आणि त्याला चिकटून इंग्रजी एम अक्षर टाका. एम राहिला तर प्रोग्रॅम ते १५ बाइट समजतो आणि 'खरंच एवढे बारीक तुकडे करायचे का' असं विचारतो. नाही म्हणा.

तयार फाइलींच्या शेवटी ००१, ००२, ००३ असे आकडे लागतात. घेणाऱ्याने सगळे तुकडे एका फोल्डरमध्ये ठेवायचे, नावं बदलायची नाहीत आणि फक्त ००१ वर राइट क्लिक करून एक्स्ट्रॅक्ट करायचं. बाकीचे तुकडे आपोआप वाचले जातात. एक जरी हरवला तरी काम अडतं.

पेनड्राइव्हवर जागा असूनही ५ जीबीची फाइल जात नाही, हेही नेहमीचं गाऱ्हाणं. असा पेनड्राइव्ह बहुधा फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्यावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. याच रकान्याच्या यादीत ४०९२ एम, फॅट, असा तयार पर्याय आहे, तो निवडा.

अडलं तर

'फाइल आर्काइव्ह म्हणून उघडता येत नाही' असा संदेश आला तर आधी आकार पाहा. ८० एमबीची अपेक्षा होती आणि फाइल १२ केबीची असेल, तर झिपऐवजी साइटचं लॉगिनचं किंवा एररचं पान सेव्ह झालंय. खात्री करायची तर ती नोटपॅडमध्ये उघडा. खरी झिप पी आणि के या अक्षरांनी सुरू होते. ही झिपचा जनक फिल कॅट्झ याची आद्याक्षरं आहेत. रार फाइलच्या सुरुवातीला रार, तर सेव्हन-झेडच्या सुरुवातीला सात आणि झेड दिसतं. त्याऐवजी एचटीएमएल (वेबपानाचा कोड) दिसलं तर पुन्हा लॉगिन करून डाउनलोड करा.

'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ डेटा' म्हणजे डाउनलोड मध्येच तुटलं. 'सीआरसी फेल्ड' किंवा 'डेटा एरर' म्हणजे काही बाइट बिघडले: पेनड्राइव्ह खराब असेल किंवा कॉपी पूर्ण होण्याआधीच तो उपसला असेल. पासवर्डच्या फाइलवर हाच संदेश चुकीच्या पासवर्डमुळेही येतो, तेव्हा आधी कॅप्स लॉक पाहा. 'ॲक्सेस इज डिनाइड' आला तर तुम्ही प्रोग्रॅम फाइल्ससारख्या राखीव जागी उलगडताय. डॉक्युमेंट्समध्ये उलगडा.

मूळ फाइली उडवण्याआधी झिपवर राइट क्लिक करून 'टेस्ट आर्काइव्ह' जरूर चालवा. 'देअर आर नो एरर्स' दिसलं की मगच डिलीट. खिडकीतल्या 'डिलीट फाइल्स आफ्टर कॉम्प्रेशन' या चौकोनाला हात लावू नका.

'पाथ टू लाँग' हा संदेश मराठी नावं वापरणाऱ्यांना जरा लवकरच भेटतो. विंडोजच्या जुन्या मर्यादेप्रमाणे पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या आत बसावा लागतो, आणि या मोजणीत काना, मात्रा, वेलांटी, पायमोड सगळं सुटं धरलं जातं. 'महाराष्ट्र' आपल्याला चार अक्षरांचा शब्द दिसतो, संगणक दहा मोजतो. एकात एक चार फोल्डर आणि प्रत्येकाला लांबलचक मराठी नाव असलं की मर्यादा संपलीच. सेव्हन-झिप कधी कधी तरीही उलगडतं, पण मग ती फाइल वर्डमध्ये उघडत नाही. झिप थेट डी ड्राइव्हवर, एकाक्षरी नावाच्या फोल्डरमध्ये उलगडा. सेव्हन-झिपने केलेल्या झिपमध्ये देवनागरी नावं नीट टिकतात. जुन्या सॉफ्टवेअरने केलेल्या झिपमध्ये ती अगम्य चिन्हांसारखी दिसू शकतात. आतला मजकूर मात्र शाबूत असतो, नाव बदलून घ्या. पोर्टलवर चढवायच्या झिपचं नाव इंग्रजीत आणि मोकळ्या जागेशिवाय ठेवणं शहाणपणाचं.

मॅकवरून आलेल्या झिपमध्ये दोन अंडरस्कोअर आणि पुढे 'मॅकओएसएक्स' असा फोल्डर दिसतो. तो व्हायरस नाही, विंडोजवर त्याचा उपयोगही नाही. खुशाल उडवा.

सावधगिरी आणि मेनूची छाटणी

अनोळखी झिप आली तर आधी 'ओपन आर्काइव्ह'ने आत डोकावा. इथे फक्त नावं दिसतात, काही चालत नाही. बिल किंवा नोटीस म्हणून आलेल्या झिपमध्ये 'पीडीएफ डॉट एक्सई' असा दुहेरी शेवट दिसला, म्हणजे ती पीडीएफ नसून प्रोग्रॅम आहे, की ती तिथेच डिलीट करा.

इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवतं. तिच्यामुळेच वर्ड 'प्रोटेक्टेड व्ह्यू'त उघडतं. झिपमधून काढलेल्या फाइलींवर ही खूण उतरायला हवी असेल तर स्टार्ट मेनूतून सेव्हन-झिप फाइल मॅनेजर उघडा, 'टूल्स', 'ऑप्शन्स', मग सेव्हन-झिपचा टॅब. तिथे 'प्रोपगेट झोन डॉट आयडी स्ट्रीम' असेल, ते 'येस' करा. २४.०९ च्या आधीच्या आवृत्तींत ही खूण चुकवता येण्याची त्रुटी होती. सेव्हन-झिप स्वतःहून अपडेट होत नाही, म्हणून 'हेल्प'मधल्या 'अबाउट'मध्ये आवृत्ती पाहा आणि जुनी असेल तर साइटवरून नवी तिच्यावरच बसवा.

त्याच टॅबमध्ये खाली मेनूतल्या ओळींची यादी आहे. 'ईमेल' शब्द असलेल्या सगळ्या ओळींवरची खूण काढा. संगणकावर आउटलुकसारखा मेल प्रोग्रॅम बसवलेला नसेल तर त्या निरुपयोगी आहेत, आणि चुकून क्लिक होतं ते नेमकं त्यांच्यावरच. घरातली मुलं किंवा नवे कर्मचारी तोच संगणक वापरत असतील तर 'एक्स्ट्रॅक्ट हिअर'वरचीही काढा. 'एलिमिनेट डुप्लिकेशन ऑफ रूट फोल्डर'ची खूण असू द्या, नाहीतर 'बिलं'च्या आत पुन्हा 'बिलं' असे फोल्डर तयार होतात. 'कॅस्केडेड कॉन्टेक्स्ट मेनू'ची खूण काढली तर उपमेनू जाऊन सगळ्या ओळी थेट मुख्य मेनूत येतात. चार-पाचच ओळी उरल्या असतील तर हे सोयीचं पडतं. 'अप्लाय' आणि मग 'ओके' दाबा, आणि कुठल्याही झिपवर राइट क्लिक करून पाहा.